भाताला वास न्हाई

यंदा आंबेमोहोर उशिरा निसवला, लोंब्या उशिरा फुटल्या. दसरा उलटला तरी वरच्या खाचरात नुसतं हिरवं होतं, आणि मग एका दुपारी मी धुणं वाळत घालत असताना ओल्या चादरीच्या पलीकडून तो वास आला. ज्यांनी तो कधी घेतला नाही त्यांना सांगणं अवघड आहे. आंब्याच्या मोहोरासारखा म्हणून या भाताला हे नाव पडलं, पण मोहोराचा वास अंगावर येतो, हा तसा येत नाही. हा शेजारून जातो. मान वळवून शोधायला गेलात की नसतो, कामाला लागलात की पुन्हा असतो. आमचं घर माले गावात, मुळशीच्या रस्त्यापासून जरासं आत. शनिवार-रविवारी धरणाकडे निघालेल्या गाड्या आमच्या बांधाजवळ हळू होतात, काचा खाली जातात, आतली माणसं डोळे मिटून श्वास घेतात. बघणाऱ्याला वाटावं, देवळापुढून चाललीत.

मी चादर दोरीवर तशीच टाकून आत आले आणि खिडकी लावून घेतली. मला या वासाची भीती वाटते.

आत मधल्या खोलीत आत्याबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. उशाशी जेवणाचं ताट तसंच होतं. भाताचा वरचा थर वाळून टणक झाला होता, वरणाची कड ताटाला चिकटली होती. तीन घास खाल्ले असतील, फार तर चार. तेव्हा मी त्यांच्या घासांवर नजर ठेवून असायची. पौडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली, पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, "आजार काही नाही. आजींना जेवायला घाला." घालतच होते. पण ताटापासून तोंडापर्यंतची वाट नाकावरून जाते, आणि आत्याबाईंची ती वाट मी बुजवली. हे तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. मी बोलणारी बाई नाही. आता लिहायला बसलेच आहे तर सरळ लिहिते.

या घरात लग्न होऊन आले तेव्हा पहिली ओळख नवऱ्याशी झाली नाही, आत्याबाईंच्या नाकाशी झाली. मी चुलीपुढे पळी घेऊन बसलेली असायची आणि त्या अंगणातून म्हणायच्या, "शालन, आमटी बुडाला लागतीया." पातेल्यावर वाकलेल्या मला ते कळलेलं नसायचं. दूध संध्याकाळी नासणार हे त्यांना सकाळी समजायचं. फोडणीत मोहरी जळली तर त्या भाजीला हात लावायच्या नाहीत, भाजी गुरांपुढे जायची, आणि मी रिकामी कढई घासायला बसायची. शेजारची हौसाबाई पेरणीआधी बियाणं घेऊन यायची. आत्याबाई मूठभर भात तळहातावर घेऊन चोळायच्या, त्यावर तोंडाची वाफ सोडायच्या, नाकाशी न्यायच्या. "ह्ये उबलंय. टाकू नगं, रोप धरनार न्हाई." आणि ते खरोखर धरायचं नाही. हौसाबाईने एकदा हट्टाने तेच बी टाकलं होतं. त्या साली तिला रोपं मागत हिंडावं लागलं.

नवा तांदूळ पहिल्यांदा शिजायचा त्या दिवशी आमच्या घरात एक रीत होती. दुसऱ्या कुणाकडे मी पाहिली नाही. भाताच्या पातेल्याला कुणी शिवायचं नाही. आत्याबाई येणार, पदराने झाकण धरून उचलणार, पहिली वाफ तोंडावर घेणार. सगळे गप्प. मग त्या म्हणायच्या, "आला." वास आला, म्हणजे नवं भात घरात आलं. मग देवाला, गाईला, मग आम्हाला. माझी पल्लवी लहान असताना हात धुऊन, ओले हात पुढे धरून उभी राहायची आणि विचारायची, "आजी, आला का?" तो शब्द ऐकू येईपर्यंत भूक पोटात असूनही आमची नसायची. आणि ऐकू आला की तोंडाला असं पाणी सुटायचं, की पहिला घास चावायच्या आधीच अर्धं जेवण झालेलं असायचं.

बावीस वर्षं मी त्या नाकाखाली स्वयंपाक केला. त्यांनी मला कधी शिवी दिली नाही, कधी हात उगारला नाही. एवढंच, की कधी चांगलं म्हटलं नाही. त्यांचं काही न बोलणं हीच शाबासकी समजायची. मी समजत होते. असं मला वाटत होतं.

मग तो तापाचा काळ आला. सगळ्या जगालाच आला, आमच्या घरात पहिल्यांदा मी पडले, पाठोपाठ आत्याबाई. माझा ताप चार दिवसांत उतरला, पण नाक गेलं. पंधरा दिवस. नाक गेलेल्या माणसाचं जेवण कसं असतं ते ज्याला कळलं नाही तो सुखी. कांदा काकडीसारखा लागायचा. वरण म्हणजे कोमट पाणी, भात म्हणजे ओला कापूस. जिभेला खारट, गोड, तिखट, आंबट तेवढं समजायचं आणि त्याच्या पुढचं सगळं अंधारात. मी डोळ्यांनी जेवायला लागले. पांढरं काही बघवेना. लाल चटणी दिसली की हात पुढे जायचा. भाजलेले शेंगदाणे आणि पापड तेवढे खाल्ले जायचे, कारण त्यांचं खाणं कानाला ऐकू येतं. बाकी घास तोंडात गोल गोल फिरत राहायचा, गिळायचा केव्हा हेच उमगायचं नाही. एका सकाळी न्हाणीच्या बंबात लाकूड सारताना ओल्या राखेचा वास आला, आणि मी तिथेच बसून रडले.

हे एवढं सांगायचं कारण, पुढे मी जे केलं ते न कळून केलं असं कुणी म्हणू नये. मला ते आतून माहीत होतं.

आत्याबाईंचं नाक जास्त दिवस गेलं होतं. दीड महिना तरी. मग एकदा दुपारी चहा घेता घेता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "माळ्यावर उंदीर मेलाय." आम्हाला कुणालाच कसला वास येत नव्हता. हे माळ्यावर चढले, पोती हलवली, तर खरंच होता, त्याच दिवशी मेलेला. हे शेपटीला धरून त्याला खाली घेऊन आले आणि म्हणाले, "आये, तुजं नाक परत आलं गं." आम्ही सगळे हसलो. मेलेल्या उंदरावर इतकं खूश झालेलं घर दुसरं नसेल.

म्हणजे तेही मला माहीत होतं.

त्या साली रस्ते खुले झाल्यावर शहरातली माणसं कोंडवाडा उघडल्यासारखी बाहेर पडली. मी रस्त्याच्या कडेला एक टेबल मांडलं आणि आंबेमोहोराच्या पिशव्या ठेवल्या. घरापुरता ठेवून उरलेला विकायचा, असं ठरलं होतं. एका रविवारी बावधनच्या एक मॅडम थांबल्या. मूळच्या विदर्भातल्या, इकडे कंपनीत नोकरीला. त्यांनी पिशवीत तोंड घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही. वर बघितलं तेव्हा डोळ्यांत पाणी. "ताई, माझं पण नाक गेलं होतं हो. चार महिने मला कशालाच वास नव्हता. हे काय आहे तुमच्याकडे!" मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुमच्या हाताला पण येतोय." त्यांनी माझ्या हातांचा फोटो काढला.

खाचर आत्याबाईंचं, बियाणं आत्याबाईंनी राखलेलं. ते मी त्यांना सांगितलं नाही. मी नुसती हसले. बावीस वर्षांत माझ्या हातच्या कशाचा तरी वास घेऊन कुणाचे डोळे भरून आले होते. त्या दिवशी घरी येताना मी माझाच तळहात दोनदा नाकाशी नेला.

मॅडमच्या मैत्रिणी आल्या, मैत्रिणींच्या मैत्रिणी आल्या. माघ लागला तोवर विकायचं सगळं संपलं. मॅडमचा फोन आला, आणखी दहा जणींना हवाय, मिळेल ना? नाही म्हणायचं होतं. एवढं सोपं होतं. माझ्या तोंडून निघालं, "हो, मिळेल की." आणि मी घरच्या तांदळाची कणगी उपसली. गरज म्हणून नाही, हे स्पष्ट लिहिते. घरात तेव्हा कसली अडचण नव्हती. मला त्या बायकांच्या तोंडून ते पुन्हा ऐकायचं होतं. कणगीत पौडच्या दुकानातला तांदूळ भरला. तसाच बुटका, दिसायला सारखा. डोळ्याला फरक कळला नसता. हे धरणाकडच्या एका बंगल्यावर राखणदारीला असायचे, त्यांना कणगी भरलेली दिसली की पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाईंनी पातेल्याचं झाकण उचललं. ठेवलं. पुन्हा उचललं.

"भाताला वास न्हाई."

माझं तोंड तयार होतं. "तापानं नाक गेलंय तुमचं, आत्याबाई. समदं कुटं आलंय अजून? येतं-जातं म्हनत्यात."

"उंदराचा आला की मला."

"घाणीचा लवकर येतो. चांगला उशिरा येतो." हे मी कुठून काढलं देव जाणे. आजही आठवतं ते वाक्य किती सहज आलं.

त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. "तुला येतूया का रं?"

ह्यांनी घास तोंडाशी नेला, हुंगला, आणि म्हणाले, "येतूया की. झकास."

हे खोटं बोलत नव्हते. ही गोष्ट मला नंतर कितीदा छळत राहिली. त्यांना खरंच येत होता. आपल्या कणगीतला, आपल्या खाचरातला भात आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि जे ठाऊक होतं तेच नाकाला आलं. रविवारी पल्लवी बावधनहून आली. ती तिथे खोली घेऊन राहते, ऑफिसात काम करते, डब्याच्या जेवणाला कंटाळलेली असते. ताटावर बसताच म्हणाली, "आजी, किती मस्त वास येतोय गं भाताचा! तिकडे असं काहीच मिळत नाही." दोन प्रामाणिक साक्षीदार. आत्याबाईंनी मान खाली घातली आणि कालवून कालवून जेवल्या. एकटं खरं ओळखणारं नाक घरात एकटं पडलं.

आणि मी? मला आत कुठेतरी बरं वाटलं. हे लिहायला मी दोन दिवस घेतलेत. पण तसंच झालं होतं. पहिल्यांदा त्या चुकल्या होत्या आणि मी बरोबर होते.

मग ते थांबवता आलं नाही. पल्लवीने हट्ट धरला, आजीला पुण्याला नाकाच्या डॉक्टरकडे नेऊ. मीच सोबत गेले. त्यांनी कॅमेऱ्याची नळी नाकातून आत घातली. आत्याबाईंनी माझा हात घट्ट धरला होता, नखं रुतली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी तेव्हा बोलू शकले असते. त्या खोलीत आम्ही तिघंच होतो. डॉक्टर म्हणाले, काही दिसत नाही, वयाने होतं असं. येताना चांदणी चौकातल्या गर्दीत गाडी अडकली, तेव्हा आत्याबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आता नाक न्हाई म्हनायचं. बरंय." एवढंच.

पुढच्या पेरणीला हौसाबाई बियाणं घेऊन आली तर त्यांनी मूठ उघडलीच नाही. "माजं नाक गेलं, बाय. शालनला दाव." हौसाबाईने माझ्याकडे बघितलं. मी बी तळहातावर घेतलं, चोळलं, हुंगलं, मान हलवली. मला काहीही कळलं नव्हतं.

त्या साली पुन्हा तेच केलं. नव्या भाताचा मान खऱ्या तांदळाने झाला असता, पण त्या दिवशी आत्याबाई उठल्याच नाहीत. म्हणाल्या, "तूच काड झाकण." मी काढलं. वाफ तोंडावर आली. सगळे माझ्याकडे बघत होते, मला "आला" म्हणता येईना. मी "चला, वाढते" म्हटलं. मग पंधरवड्यात कणगी पुन्हा दुकानाच्या तांदळाची झाली, कारण टेबलावरच्या बायका वाट बघत होत्या आणि घरात आता ओळखणारं कुणी उरलं नव्हतं.

पण सगळ्यांत वाईट मी पुढेच केलं. एका दुपारी वारा हौसाबाईच्या घराकडून वाहत होता. तिच्याकडे पाहुणे होते, आंबेमोहोर शिजत होता. आत्याबाई खाटेवर ताडकन उठून बसल्या. चेहरा एकदम उजळला. "शालन, आंबेमोहोर शिजतोय कुटंतरी. येतूया मला. आगं, येतूया." मलाही येत होता, स्वच्छ. त्यांना आंबेमोहोर ओळखू आला असता तर घरच्या भाताचा प्रश्न उभा राहिला असता. मी म्हटलं, "कुटं काय? न्हाई येत. आटवनीतला आसंल, आत्याबाई. मानसाला जुनं येतं कदी कदी नाकात." त्या थोडा वेळ तशाच बसल्या, नाक वाऱ्याकडे करून. मग आडव्या झाल्या. बाकी सगळं एका बाजूला आणि हे वाक्य एका बाजूला.

तिथून त्यांचं खाणं बदललं. आधी मीठ वाढलं, मग ठेचा. जिभेला काहीतरी चावावं म्हणून. मला ते ओळखीचं होतं, मी स्वतः पंधरा दिवस लाल चटणीकडे हात नेलाच होता. मग मिठानेही काही लागेना. ताट समोर आलं की त्या आमच्या तोंडाकडे बघायच्या. आम्ही चवीने खातोय असं दिसलं तर चार घास खायच्या. आम्ही गप्प असलो तर हात धुवायच्या. आपलं अन्न चांगलं की वाईट हे माणसाला दुसऱ्याच्या चेहऱ्यावर वाचावं लागलं, तर भूक किती दिवस टिकेल?

तिसऱ्या साली मी टेबल बंद केलं. मॅडमना सांगितलं, पीक गेलं. कणगीत घरचा तांदूळ भरला आणि मनाला समजावलं, आता खरा वास येईल, त्या म्हणतील नाक आलं, सगळं आपोआप मिटेल, काही बोलावं लागणार नाही. तांदूळ परत आणला की नाक परत येईल, असा माझा हिशेब. झाकण उचललं, सगळं घर दरवळलं. मी मुद्दाम ताट त्यांच्या जवळ नेलं. त्यांच्या नाकपुड्या हलल्या. त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "चांगला झालाय का रं?"

त्याला दोन वर्षं झाली. यंदा पल्लवी दर रविवारी शक्तीच्या पावडरीचे डबे आणायला लागली. त्यातल्या एका डब्याला आइस्क्रीमसारखा वास होता. आत्याबाईंनी एक घोट घेतला आणि पेला परत दिला. "ह्ये पोरीच्या अंगाला लावायचं आसतं का पेयाचं?" पल्लवी हसली, मीही हसले. मग आडवं व्हायला त्यांनी हात पुढे केला, मी तो धरला, आणि मनगट माझ्या दोन बोटांत सहज मावलं.

त्या दिवशी दुपारी त्यांच्या पायांना तेल लावताना मी सांगितलं.

"आत्याबाई, तुमचं नाक गेलं न्हवतं. तांदूळ बदलला हुता मी. आपला इकला आन् दुकानाचा कणगीत घातला. वास येत न्हवता, कारन वास न्हवताच त्याला."

त्यांनी हात लांब करून माझ्या डोक्यावर ठेवला. बावीस अधिक पाच वर्षांत पहिल्यांदा.

"लई जीव लावतीस गं मला."

"मी खरं सांगतीया."

"म्या खावं म्हून सांगतीस. कळतंय मला. म्हातारी उपाशी गेली तर लोक सुनेला बोलत्यात, त्येचं बी भ्या आसतं."

"तसं न्हाई. आता तर आपलाच भात हाय की कणगीत. येत न्हाई का तुमाला?"

"येतो कदी कदी," त्या म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात. "पर त्यो आटवनीतला आसतो. तूच म्हनली हुतीस न्हवं?"

माझ्या हातातलं तेल गार झालं. माझं खोटं त्यांनी विश्वासाने सांभाळून ठेवलं होतं, आणि खरं मात्र त्यांना सुनेची माया वाटत होती. त्या कुशीवर वळल्या. मी त्यांच्या पायाशी बसून राहिले. आजवर मला वाटत होतं, सांगणंच अवघड आहे. सांगितल्यावर पटवावं लागेल हे कधी मनात आलं नव्हतं.

दिवाळीनंतर कापणी लागली. आमच्याकडे अजून सावड चालते. आज सगळ्या बाया माझ्या शेतात, उद्या हौसाबाईच्या, परवा आणखी कुणाच्या. दुपारी खळ्यावर जांभळीच्या सावलीला सगळ्या जेवायला बसल्या होत्या. ह्यांनी आत्याबाईंना उचलून आणून उन्हात पोत्यावर बसवलं होतं, अंगाला ऊन लागावं म्हणून. झोडलेल्या भाताची रास शेजारीच होती.

हौसाबाई भाकरी मोडत म्हणाली, "काकी, ह्या नव्या पोरींना सांगा की, आंबेमोहोर म्हंजी काय. ह्यांना पेंढ्याचा आन् भाताचा वास येकच वाटतूया."

बाया हसल्या. आत्याबाई म्हणाल्या, "माजं नाक कुटं हाय आता."

माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो मी खाली ठेवला आणि बोलले. सगळं, पहिल्यापासून, कणगी, टेबल, दोन सालं, पुण्याची नळी. हे पाण्याचा तांब्या घेऊन येत होते, ते तिथेच थांबले.

हौसाबाईने घास चावून संपवला. "म्हंजी म्या येडी न्हवते तर." तिने बायांकडे बघितलं. "हिच्या घरी सत्यनारायनाला वरनभात जेवले, तवाच घरी जाऊन सुनेला म्हनलं, ह्यांचा भात दुकानाचा लागतूया. तर सून म्हनती, म्हातारीचं नाक गेलं तसं तुमचं बी चाललं वाटतं. म्या गप बसले बाई. म्हनलं, उगं कशाला."

आत्याबाईंनी मान तिच्याकडे वळवली. "तुला बी लागला हुता?"

"व्हय की."

"वास न्हवता?"

"काडीचा न्हवता, काकी."

कुणी जेवत नव्हतं. मग हे हळूच म्हणाले, "मला तर येत हुता," आणि एक पोरगी फिस्सकन हसली, दुसरीने तिला कोपर मारलं.

"किती दिस?" आत्याबाईंनी मला विचारलं.

"दोन सालं."

"आन् वरनं माज्या नाकात नळी घालून घेतलीस. माजा हात धरून."

मी मान हलवली. त्यांनी राशीकडे हात केला. हौसाबाईने मूठभर भात त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी दोन्ही हातांनी चोळला, निम्मा खाली सांडला. उरलेल्यावर वाफ सोडली. डोळे मिटून नाकाशी धरला, पुष्कळ वेळ.

"इंद्रायनी मिसळलीया ह्यात," त्या म्हणाल्या. "बियानं कुनी निवडलं हुतं?"

"मी."

"तरीच."

त्यानंतर त्या माझ्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. हे बोलले, पण कमी. पल्लवी रविवारी आली ती आजीजवळ बसून गेली, स्वयंपाकघरात आली नाही. मी कुणाला दोष देत नाही.

आत्याबाई आता जेवतात. नवव्या दिवशी स्वतः चुलीपाशी येऊन बसल्या, काल अर्धी भाकरी आणि वाटीभर भात खाल्ला. हौसाबाईच्या घरून काही आलं तर सरळ तोंडात घालतात. पल्लवीने दिलेलं बिस्किट सरळ तोंडात घालतात. माझ्या हातचं असलं की थांबतात. चहा असो, दूध असो, गोळीबरोबरचं नुसतं पाणी असो, आधी नाकाशी नेतात. लपून नाही, माझ्याकडे बघत. एकदा, आणि मग पुन्हा एकदा. मी समोर उभी राहते, नजर खाली घालत नाही, घाई करत नाही. त्यांची खात्री होते. मग त्या पहिला घास घेतात.